आरसी गाडीची मोटर, बॅटरी आणि गिअरिंग : कोकणातली जुळवणी

इलेक्ट्रिक आरसी गाडी म्हणजे रिमोटवर पळणारी बॅटरीची मॉडेल गाडी, आणि तिची मोटर, बॅटरी, गिअर हे तिन्ही एकमेकांना जुळवायचं काम म्हणजे सेटअप. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत तिला जमीन किती तऱ्हेची मिळते बघा, ओहोटीला घट्ट झालेली ओली पुळण, तिच्या वरची कोरडी भुसभुशीत वाळू, कातळाचा सडा म्हणजे उघडं खडकाळ पठार, भात कापल्यावर सुकलेले मळे, आणि ह्यातल्या प्रत्येकीला गिअरिंग वेगळं लागतं. म्हणून इकडे आधी जमीन ठरवायची आणि मग मोटर. बहुतेक नवीन पोरं उलट करतात, सगळ्यात जोरदार मोटर घेऊन येतात आणि ती पहिल्याच वाळूत तापून बसते.

मोटर दोन जातीची, ब्रश म्हणजे आत कार्बनचे तुकडे घासून वीज पोचवणारी, आणि ब्रशलेस म्हणजे तशा तुकड्यांशिवायची. ब्रशवाल्यात ५४० साईझ सगळीकडे चालते आणि तिची ताकद टर्नवर सांगतात, टर्न म्हणजे तारेचे वेढे, वेढे कमी तर आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, जास्त आणि करंटही जास्त. सड्यावरच्या दगडांतून हळूहळू चढवायची क्रॉलर असेल तर ३५ किंवा ५५ टर्नची मोटर मस्त चालते, पळायला मात्र ती नाही. ब्रशलेसमध्ये केव्ही बघायचा, म्हणजे एका व्होल्टला बिनओझ्याचे आरपीएम किती. ३३०० केव्हीची मोटर २एस लिपोवर, म्हणजे लिथियम पॉलिमरच्या दोन सेलच्या बॅटरीवर, ७.४ व्होल्टवर, साधारण २४,४०० आरपीएम देते. आता गंमत बघा, २२०० केव्हीची मोटर ३एसवर, म्हणजे तीन सेलवर, ११.१ व्होल्टवर, तेवढेच आरपीएम देते, पण तेवढ्याच ताकदीला करंट दोन तृतीयांशच ओढते, त्यामुळे वायर, कनेक्टर आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी, कमी तापतात. इकडच्या उकाड्यात ३एस झेपणारा ईएससी असेल तर मी हाच जोड सांगेन, कमी केव्ही आणि जास्त व्होल्टेज. सेन्सरलेस, म्हणजे फिरत्या भागाची जागा सांगणारा सेन्सर नसलेली, मोटर अगदी हळू चालताना अडखळते, तेव्हा सड्यावर चढायचं असेल तर सेन्सरवाली घ्या.

खरा खेळ गिअरिंगचा. मोटरच्या शाफ्टवरचं छोटं चाक पिनियन, ते ज्याला फिरवतं ते मोठं चाक स्पर. स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गाडीच्या आतलं ठरलेलं गुणोत्तर, की झाला फायनल ड्राइव्ह. समजा १/१० बग्गीला, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या मापाच्या मॉडेलला, ८७ चा स्पर, २२ चं पिनियन आणि आतलं गुणोत्तर २.६ आहे, तर आकडा येतो १०.३ च्या आसपास, वरच्याच मोटरवर आणि ८५ मिलिमीटरच्या टायरवर हिशोबाने ताशी ३८ किलोमीटर. पिनियन १८ केलं की आकडा १२.६ होतो आणि वेग ३१ वर येतो. सात किलोमीटर गेले म्हणून पोरं नाराज होतात, पण कोरड्या वाळूत हेच १८ मोटर वाचवतं, कारण पिनियन मोठं तर ओझं जास्त, ओझं जास्त तर करंट जास्त, आणि वाइंडिंगमधली, म्हणजे तारेच्या वेढ्यांतली, उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. मोठे टायर लावले तर तोही पिनियन वाढवल्यासारखाच प्रकार, तेव्हा वाळूसाठीचे वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे पॅडल टायर चढवलेत की पिनियन एक-दोन दातांनी उतरवा.

पिनियन आणि स्परचा पिच, म्हणजे दातांचं माप, एकच हवा, ४८ ला ४८, ३२ ला ३२, मॉड १ ला मॉड १, नाहीतर दात खाऊन टाकतात. लावताना मधे वहीच्या कागदाची पट्टी सरकवून मोटर स्परवर टेकवायची, स्क्रू आवळायचे, मग पट्टी फिरवून काढायची, तेवढी फट बरोबर असते. पिनियनचा ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, शाफ्टच्या सपाट भागावरच बसवा आणि थेंबभर थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद, लावा.

जुळलं की नाही ते तापमान सांगतं. तीन-चार मिनिटं चालवा, थांबवून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर बघा, ७० अंशांच्या आत असेल तर ठीक, ८० च्या पुढे जात असेल तर पिनियन लहान करा, त्यानंतरच फॅनबिन लावायचा विचार. एप्रिल-मेमध्ये बाहेरच ३३-३४ अंश असतं, म्हणून डिसेंबरात जमलेला सेटअप पुन्हा तपासावाच लागतो.

लिपोचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, तीनच्या खाली गेला की खराब, म्हणून ईएससीचा कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की मोटर थांबवायची मर्यादा, ३.३ च्या आसपास ठेवा आणि तो लिपो मोडवर आहे ना ते बघा. ५००० एमएएच ३० सी म्हणजे क्षमतेच्या, ५ अँपिअर-तासाच्या, ३० पट करंट, कागदावर १५० अँपिअर, स्वस्त पॅकवर तो आकडा फुगवलेला असतो. चार्जिंग १ सी ने, म्हणजे ह्या पॅकला ५ अँपिअर, बॅलन्स लावून, म्हणजे सगळे सेल सारखे भरतील असं, आणि समोर बसून. निकेल बॅटरीचा चार्जर लिपोला कधीच लावू नका, आग लागते. पावसाळ्यात गाडी पडून राहते तेव्हा सेल ३.८ वर आणून ठेवा.

पुळणीचा वेगळाच ताप म्हणजे वाळू. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या भागात वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट ही जड काळी खनिजं आहेत आणि मोटरचं चुंबक त्यांचे कण ओढून घेतं, फिरवून आणलेल्या उघड्या मोटरच्या भोकांशी मिशीसारखी काळी कड दिसते. ती ब्रशने झटकून जात नाही, चिकटपट्टी दाबून उचलावी लागते. अशा ठिकाणी बंद कॅनचीच, म्हणजे भोकं नसलेल्या डब्याची, मोटर लावा आणि स्परला झाकण ठेवा. वॉटरप्रूफ ईएससी खाऱ्या पाण्यासाठी नसतो, घरी आल्यावर बॅटरी काढून गाडी विहिरीच्या पाण्याने हलकी धुवा, वाळवा, बेअरिंगला तेल द्या, नाहीतर आठवड्यात गंज दिसतो. चालवायला सगळ्यात चांगली वेळ उधाणाच्या दिवसातली ओहोटी, तेव्हा ओली पुळण भरपूर रुंद मिळते आणि २२ चं पिनियनही सहज चालतं.

सड्यावर मात्र कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, असतील तिथे गाडी नेऊच नका, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत आणि खोदलेल्या रेषा जपायलाच हव्यात, वेळाससारख्या किनाऱ्यावर कासवांच्या विणीच्या महिन्यांतही तेच.