मे महिन्यात ठरलेला घड

फेब्रुवारीतल्या सकाळी दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत शिरलं की मांडवाखाली अजून गारवा असतो आणि घड डोक्याशी लोंबत असतात. हातात कात्री देताना बागायतदार सांगतात, "आधी खालचा मणी खाऊन बघा, ताई." घड वरून टोकाकडे पिकत जातो. टोकाचा मणी गोड लागला, की बाकीचा घड तयार झाला असं समजावं.

हे आधीच चाखून बघावं लागतं, कारण द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबा अढीत गोड होतो, कारण त्याच्यात स्टार्चचा साठा असतो आणि त्याचीच पुढे साखर होते. द्राक्षाकडे असा साठा नाही. पानांनी बनवलेली साखर देठातून मण्यात येते. देठ कापला, की ती वाट बंद. मण्यात 'पाणी उतरेपर्यंत' तो कडक आणि आंबट असतो. मग तो मऊ पडतो, साखर भरू लागते आणि त्यातलं मॅलिक आम्ल मणी स्वतःच श्वसनात जाळून टाकतो. टार्टारिक आम्ल मात्र बरंचसं टिकून राहतं. चिंचेला आंबट करणारं आम्ल तेच.

मण्यांवरची पांढरट झाक अनेकांना औषधाची वाटते. ती मुख्यतः वेलीनेच तयार केलेलं मेण असते आणि मण्यातलं पाणी राखते. म्हणून घड देठाला धरून तोडावा, आणि खायच्या वेळीच धुवावा. फवारणीचे अंश असू शकतात, तेव्हा धुवायचा मात्र नक्की.

आपण खातो त्या थॉमसन सीडलेससारख्या जातींत फलन होतं, पण बी वाढायच्या आतच खुंटते. मण्याला फुगवणारं जिबरेलिन हे संप्रेरक एरवी बियांकडून मिळतं. बीच नाही, तर मणी बारीक राहतो. त्यामुळे बागायतदार जिबरेलिक आम्लाची, म्हणजे जिबरेलिनच्याच एका रूपाची, फवारणी करतात किंवा घड त्याच्या द्रावणात बुडवतात. याचा शोध लागला भाताच्या रोगातून. रोपं उंच, लुकडी होऊन कोलमडत. हे एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे होतं, असं जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं.

मला या बागेत सगळ्यात विलक्षण वाटते ती मात्र बाळी. तारेला वेटोळं घालून वेलीला आधार देणारा तो हिरवा तंतू. बाळी आणि घड मुळात एकच अवयव आहेत! एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून केलेल्या छाटणीनंतर, नव्या काडीच्या डोळ्यात (पुढे फुटणाऱ्या कोंबात), साधारण मे-जूनमध्ये, सूक्ष्म उंचवटे तयार होतात. त्यांचा घड व्हायचा की बाळी, हे तिथे ठरतं. भरपूर ऊन आणि सायटोकायनिन हे संप्रेरक मिळालं तर घडाकडे कल जातो. ढगाळ हवा, वेलीचा अवाजवी जोम आणि जिबरेलिन यांनी तो बाळीकडे झुकतो. म्हणजे जे संप्रेरक हिवाळ्यात मणी फुगवतं, तेच उन्हाळ्यात डोळ्यातला घड हिरावून घेतं. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पिनो म्युनिये जातीपासून मिळालेल्या एका बुटक्या वेलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिला जिबरेलिनची हाक ऐकूच येत नव्हती, आणि बाळीच्या जागी तिला घड येत होते.

ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली, की तेच डोळे फुटतात. घड किती निघाले हे बागायतदाराला तेव्हा दिसतं. पण मे महिना ढगाळ गेला असेल, तर त्या घडीला करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

बागेत गेलात तर घड तोडून झाल्यावर जरा मांडवाच्या तारा निरखा. एखाद्या बाळीवर दोन-चार मणी लागलेले सापडतात. अर्धी बाळी, अर्धा घड.