गुणांचा आकडा आणि मेंदूचा अंदाज

तपासलेल्या उत्तरपत्रिका वर्गात वाटल्या जात असताना मुलांच्या हातांकडे लक्ष दिले, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मूल उत्तरपत्रिका हातात घेते, पहिल्या पानाच्या कोपऱ्यातला वर्तुळात लिहिलेला आकडा पाहते, शेजाऱ्याला किती मिळाले ते विचारते आणि उत्तरपत्रिका मिटून ठेवते. ‘ही पायरी कशी आली?’, ‘आकृतीत किरणाची दिशा उलटी झाली आहे’ असे जे शेरे शिक्षकाने आतल्या पानांवर तासन्‌तास बसून लिहिलेले असतात, ते बहुधा न वाचलेलेच राहतात. असे असूनही गुण कमी करण्याचा किंवा काढून टाकण्याचा विषय निघाला, की पालक आणि शिक्षक एकच प्रश्न विचारतात : मार्क नसतील तर मुले अभ्यास करतील कशाला? गुण मिळवण्याची इच्छा आणि विषय समजून घेण्याची इच्छा या दोन्ही एकच आहेत, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहता येते आणि संशोधकांनी ते तपासलेले आहे.

या विषयावरील सर्वांत परिचित प्रयोग रूथ बटलर यांनी इस्राएलमधील १३२ विद्यार्थ्यांवर केला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. मुले पाचवी-सहावीतील होती. त्यांना दोन प्रकारची कामे दिली होती : एका मोठ्या शब्दातील अक्षरांपासून नवे शब्द बनवणे आणि ज्याला एकच ठरलेले उत्तर नाही अशा प्रश्नावर कल्पक उत्तरे सुचवणे. काम झाल्यावर एका गटाला फक्त शेरा मिळाला, दुसऱ्याला फक्त गुण आणि तिसऱ्याला गुण व शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि गोडी या दोन्ही गोष्टी सर्वांत चांगल्या राहिल्या. गुणांसोबत शेरा दिला तर दोन्हींचा लाभ होईल, असे कोणालाही वाटेल; परंतु तिसऱ्या गटाचे निकाल फक्त गुण मिळालेल्या गटासारखेच, म्हणजे एकंदरीत घसरणीचे निघाले. गुण मिळूनही ज्यांची गोडी टिकली, ती मुख्यतः आधीपासून वरच्या क्रमांकात असलेली मुले होती. म्हणजे शेजारी आकडा असला की शेरा असून नसल्यासारखाच होतो. असे का व्हावे, हा मला या विषयातील सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो आणि त्याच्या उत्तराचा एक भाग मेंदूतील एका विलक्षण यंत्रणेत सापडतो.

१९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांचे सहकारी माकडांच्या मध्यमेंदूतील, डोपामिन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या चेतापेशींचे विद्युत संदेश नोंदवत होते. माकडाला अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला, की या पेशी एकाएकी जोराने संदेश पाठवत. मग रसाच्या आधी दरवेळी एक दिवा लावण्यास सुरुवात केली. काही वेळा असे झाल्यावर पेशी दिवा लागताच संदेश पाठवू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर मात्र त्यांच्यात काहीच बदल होईना. दिवा लावूनही रस दिला नाही, तर रस मिळायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींचा वेग नेहमीच्या पातळीच्याही खाली जाई. याचा अर्थ या पेशी बक्षीस मोजत नाहीत. मिळालेले बक्षीस आणि अपेक्षित बक्षीस यांतील फरक त्या मोजतात. या फरकाला अंदाजातील त्रुटी म्हणतात आणि तिच्यावरूनच पुढचा अंदाज सुधारला जातो : नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज अधिक त्रुटीचा काही अंश.

हे सूत्र आकड्यांत मांडून पाहण्यासारखे आहे. समजा, एका विद्यार्थ्याला ४० गुणांची अपेक्षा आहे आणि त्याला ५५ मिळाले. त्रुटी झाली अधिक १५. हा अंश एक पंचमांश धरला, तर नवा अंदाज ४० अधिक ३, म्हणजे ४३. पुढच्या वेळी पुन्हा ५५ मिळाले तर त्रुटी १२ आणि अंदाज ४५.४, त्यानंतर त्रुटी ९.६, मग सुमारे ७.७. गुण तेच आहेत, परंतु त्यांच्यापासून मिळणारा उत्तेजक संदेश दरवेळी पाचव्या भागाने घटत जातो. आता ज्याचा अंदाज ९० वर स्थिरावला आहे अशा विद्यार्थ्याला ८८ मिळाले, तर त्याची त्रुटी उणे २ आहे. वर्गात सर्वाधिक गुण मिळवूनही हिरमुसलेले मूल आपण पाहतो, त्याचे गणित हे असे असू शकते. मात्र गुण हे रसाच्या थेंबासारखे साधे बक्षीस नव्हे, त्यामुळे हे केवळ एक प्रतिमान आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही त्यातून आणखी एक गोष्ट उलगडते. माकडाच्या पेशींचा संदेश रसावरून दिव्यावर सरकला, तसे विद्यार्थ्याचे लक्ष गुणांवरून गुणांची चाहूल देणाऱ्या खुणेवर सरकते. ‘हे परीक्षेला आहे का?’ हा प्रश्न म्हणजे दिवा लागला आहे की नाही याची विचारणाच होय. उत्तर नकारार्थी आले की वह्या मिटतात.

डोपामिनचा विषय निघालाच आहे, तर त्याच्या नावाने चाललेल्या बाजाराबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. डोपामिन हे ‘आनंदाचे रसायन’ आहे, ते ‘वाढवले’ की अभ्यासाची गोडी लागते, काही दिवस सर्व करमणूक बंद ठेवली की मेंदू ‘कोरा’ होतो, अशी विधाने विज्ञानाच्या भाषेत केली जातात आणि त्यांच्या आधारे मुलांसाठी गोळ्या व शिबिरे विकली जातात. वरील प्रयोगात पेशींनी रसाचा आनंद मोजला नाही, अंदाज चुकल्याची नोंद केली. चुकीच्या अंदाजाची नोंद गोळीने वाढवून गणित येऊ लागेल, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

मग मुळात बक्षीस नसतानाही माणूस एखाद्या कामात का रमतो? २०१० मध्ये कोऊ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याचे फार सुंदर उत्तर मिळते. जपानमधील विद्यार्थ्यांना एक साधा खेळ दिला : स्टॉपवॉच चालू आहे, ते ५ सेकंदांच्या शक्य तितक्या जवळ थांबवायचे आणि चूक ०.०५ सेकंदाच्या आत राहिली तर यश. खेळ क्षुल्लक असला तरी एकदा सुरू केल्यावर सोडवत नाही. एका गटाला प्रत्येक यशाला पैसे मिळतील असे सांगितले होते. दुसऱ्याला असे काहीच सांगितले नव्हते. खेळ चालू असताना एफएमआरआय या मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या तंत्राने मेंदूची क्रिया टिपली. पैसे नसलेल्या गटातही स्टॉपवॉच अचूक थांबले की स्ट्रायटम हा मेंदूच्या खोल भागातील, बक्षिसाशी निगडित असलेला केंद्रसमूह सक्रिय होत होता. अचूकता साधणे हेच तेथे बक्षीस होते. मग दोन्ही गटांना थोडा मोकळा वेळ दिला, ज्यात तो खेळ खेळावा किंवा दुसरे काही करावे. पैसे मिळालेल्या गटाने खेळ कमी खेळला. त्यानंतरच्या फेरीत कोणालाच यशाचे पैसे मिळणार नव्हते. या फेरीत पैशांची सवय झालेल्यांच्या स्ट्रायटमची यशाला मिळणारी दाद ठळकपणे ओसरली, दुसऱ्या गटाची मात्र टिकून राहिली. यश तेच, हात तेच, घड्याळ तेच. फक्त त्या यशाची किंमत मोजण्याचे मेंदूचे माप बदलले होते.

येथे सावध राहायला हवे. बाह्य बक्षिसाने आंतरिक गोडी घटते, हा परिणाम एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्येच दाखवला होता आणि त्यावर पुढे मोठा वाद झाला. १९९४ मध्ये कॅमेरॉन आणि पीअर्स यांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन असा सरसकट परिणाम दिसत नाही असे म्हटले. १९९९ मध्ये डेसी आणि सहकाऱ्यांनी १२८ अभ्यासांच्या आधारे त्याला उत्तर दिले. त्यातून निघालेले चित्र असे, की आधीच रंजक असलेल्या कामावर अपेक्षित, हातात पडणारे बक्षीस लावले तर गोडी घटते. कामच कंटाळवाणे असेल तर घटायला गोडी मुळात नसते. आणि कौतुकाच्या शब्दांनी ती उलट वाढूही शकते. हातात पडणारे बक्षीस आणि कौतुकाचे शब्द या दोन टोकांच्या मधोमध गुण आहेत. ‘तुला हे जमले, ते जमले नाही’ असे गुण सांगतात, तेव्हा ते माहिती असतात. ‘तू कितव्या स्थानी आहेस’ असे सांगतात, तेव्हा ते निवाडा असतात.

माहिती म्हणून आकडा किती तोकडा आहे, हे रोलँड फ्रायर यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसते. न्यूयॉर्कमध्ये मुलांना परीक्षेतील यशासाठी पैसे दिले, तेव्हा त्यांच्या संपादणुकीत दखल घेण्याजोगी वाढ झाली नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरचे प्रश्न सोडवल्यास पुस्तकामागे २ डॉलर दिले, तेव्हा त्यांचे वाचनाचे आकलन सुधारले. मुलांना पैसे दोन्हीकडे हवेच होते. परंतु पुस्तक वाचणे म्हणजे काय करायचे हे दुसरीच्या मुलाला ठाऊक असते, तर ‘जास्त गुण मिळव’ म्हणजे उद्या सकाळी नेमके काय करायचे, हे मोठ्या मुलांनाही सांगता आले नाही.

याचा फटका कोणाला बसतो, हे स्वीडनमधील एका योगायोगामुळे पाहता आले. तेथे १९६९ ते १९८२ या काळात सहावीतील मुलांना श्रेणी द्यायच्या की नाहीत, हे नगरपालिकांवर सोपवलेले होते. अल्ली क्लाप यांनी या मुलांच्या पुढील वाटचालीची तुलना केली, तेव्हा अभ्यासात मागे असलेल्या ज्या मुलांना श्रेणी मिळाल्या होत्या, ती पुढच्या इयत्तांत श्रेणी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली. ज्यांना प्रेरणेची सर्वाधिक गरज म्हणून गुणांचे समर्थन केले जाते, तीच ही मुले, याचे मला अतिशय वाईट वाटते.

आकडा काढून कोणताही शेरा लिहिला की काम झाले, असेही नाही. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांच्या ६०७ मोजमापांचा आढावा घेतला, तेव्हा सरासरी परिणाम चांगला निघाला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावलेली होती. त्यांचे स्पष्टीकरण असे, की अभिप्राय लक्ष कामावरून काढून स्वतःकडे वळवू लागला की त्याचा उपयोग घटतो. ‘हुशार आहेस, पण आळस करतोस’ हा शेरा आकड्याच्याच जातीचा आहे. ‘तिसऱ्या पायरीपर्यंत सर्व बरोबर आहे, तेथे कंस सोडवताना चिन्ह बदलले का, ते पाहून पुढचे पुन्हा सोडव’ हा शेरा वेगळा, कारण तो वाचणाऱ्या मुलाला प्रथम तिसरी पायरी शोधावी लागते आणि ती शोधण्यासाठी उत्तरपत्रिका पुन्हा उघडावी लागते.