जनावर एकदा शिकलं की विसरत नाही?

लातूर-नांदेडकडं देवणी किंवा लाल कंधारी गोऱ्हं जुंपायला काढलं, मानेवर जू नवंच, तोंडाला फेस. तरी पारावरून सल्ला येतोच: 'आजच औत, आजच गाडी. जनावर एकदा शिकलं की विसरत नाही.' हे अर्धंच खरं. शिकलेलं पक्कं व्हायला मेंदूला वेळ लागतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत शास्त्रज्ञ बर्नार्ड अग्रानॉफ यांनी गोल्डफिशना विजेचा झटका टाळायला शिकवलं. प्रथिनं बनणं रोखणारं औषध लगेच टोचलं, तर काही दिवसांनी मासे कोरे. तासाभरानं टोचलं, तर धडा शाबूत.

नव्या धड्याची गंमत वेगळी. तळ्यातल्या गोगलगायींत पहिली आठवण कच्ची असताना दुसरा धडा आला, तर पहिली जाते. ती स्थिर असताना तसलाच धडा आला, तर दुसराच रुजत नाही; अगदी वेगळा असेल, तर मात्र दोन्ही टिकतात!