पाणमोटीचं पाणी आणि सिझरची जखम

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं सिझर झालेल्या बाईला घरातल्या बायका आधी बजावतात, टाक्यांना पाणी लागू देऊ नको बाई. त्यामुळं बाळाभोवतीचं पाणीच जखमेवर घातलं तर ती लवकर भरते असं ऐकलं की आपल्याकडं नवल वाटतंय. पण ही कल्पना जुनी आहे.

आपला घोळ शब्दातच आहे. पाणमोट म्हटलं की पिशवीपण आली आणि आतलं पाणीपण, "पाणमोट फुटली" म्हणताना कोण वेगळं करतंय? त्यात वॉर्डात नर्स कन्नडमधून सांगणार, घरचे मराठीतून विचारणार, मग वारसुद्धा (बाळंतपणानंतर बाहेर पडणारी, नाळेला जोडलेली) त्यातच मिसळते. इतिहासात मात्र पिशवीचा पापुद्रा आणि पाणी, दोघांच्या वाटा वेगळ्या. पापुद्रा १९१० मध्ये त्वचारोपणात वापरला, १९१३ मध्ये भाजलेल्या जखमांवर, १९४० मध्ये डोळ्यावर, आणि आज डोळ्याच्या पृष्ठभागाच्या काही ऑपरेशनला तो सर्रास वापरतात. पाण्याचं तेवढं झालं नाही. १९२७ मध्ये गायीच्या गर्भजलाचा अर्क पोटाच्या ऑपरेशनमध्ये आतडी चिकटू नयेत म्हणून घातला. म्हणून पापुद्र्याचे निकाल दाखवून पाण्याचं कौतुक करणं मला पटत नाही.

पुढं लक्षात आलं की गर्भातल्या बाळाची जखम व्रण न राहता भरते, आणि श्रेय पाण्याला मिळालं. त्यात हायलुरॉनिक आम्ल (ओल धरून ठेवणारा पदार्थ) आणि पेशी वाढवणारे घटक असतात हे खरं. पण १९९४ मध्ये मोठ्या मेंढीची कातडी गर्भातल्या कोकराच्या पाठीवर लावून बघितली, तिथल्या जखमेला पाण्यात राहूनसुद्धा व्रण पडलाच, म्हणजे मोठं काम गर्भाच्या कातडीचंच होतं.

खरा वाद अमेरिकेत पेटला. पापुद्रा ही ऊती, तिला फार फेरफार न करता मूळ कामासाठीच वापरलं तर नियम सैल. पाणी मात्र शरीरातून स्रवणारं, ते ऊती नाही, म्हणजे विकायचं तर औषधासारखं सिद्ध करून दाखवा, असं तिथल्या नियामकांनी धरलं. २०१७ मध्ये नियम स्पष्ट करून कंपन्यांना मुदत दिली, ती वाढत वाढत ३१ मे २०२१ ला संपली. तोवर गुडघेदुखीवरसुद्धा या पाण्याची इंजेक्शनं विकली जात होती. निर्णय कडक वाटला तरी मला तो बरोबरच वाटतो.

कारण हे पाणी बाटलीतल्या सलाईनसारखं नसतंय. वहिनीच्या सिझरला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पाणी हिरवं होतं, बाळानं आतच शी केलती." त्यात रक्त, लव, बाळाच्या अंगावरचा पांढरा लेप, आणि पाणमोट फुटून बराच वेळ गेला असेल तर जंतूपण.