दम वाढला, पोटरी वाढली, हाडाचं काय?

लष्कर भरतीची तारीख लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या रस्त्यांवर पहाटे चारपासून पोरं पळताना दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे. सीमाभागातल्या कितीतरी घरांत एखादा फौजी आहे किंवा होता, त्यामुळे १६०० मीटरची वेळ इथल्या पोरांना दहावीच्या टक्क्यांपेक्षा पक्की पाठ असते. आणि दर खेपेला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीच तक्रार येते: नडगी दुखते. कुणी म्हणतं नस चढली, तेल लाव. कुणी काळा दोरा बांधतं. एखादा जाणता सांगतो, पळत राहा, पळूनच मोकळी होईल. दोरा आणि तेल यांनी निदान नुकसान तरी होत नाही. तिसऱ्या सल्ल्याने हाड मोडू शकतं.

महिनाभरात दम वाढला, पोटरी भरली, वेळ सुधारली. मग हाडच कच्चं कसं राहिलं?

पळताना जमीन पायाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट धक्का देते हे खरं. पण नडगीवर पडणारा दाब त्याहून कितीतरी मोठा असतो आणि त्यातला बराचसा जमिनीकडून येतच नाही. तो आपल्याच पोटरीच्या ओढीतून येतो. पोटरी खालून टाचेला खेचते आणि त्या खेचण्यात मधलं हाड दाबलं जातं. टाच टेकते त्या क्षणी हा दाब सर्वांत जास्त नसतो. अंग पायावर येऊन पोटरी पूर्ण आवळते तेव्हा असतो. म्हणजे हाडावरचं मोठं ओझं टाकतो तो स्नायू. स्नायू बळकट झाला की ओझंही वाढतं.

ओझं पडलं की हाड घडतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. पण ओझं पडलंय हे हाडाला कळतं कसं, हे कोडं पुढे शंभर वर्षं सुटलं नाही. मला या विषयात सगळ्यांत जास्त रस आहे तो इथे, म्हणून थोडं रेंगाळतो.

प्रयोगशाळेतला सापळा पाहून हाड म्हणजे कोरडी काठी वाटते. जिवंत हाडात मात्र ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी चिणून बसलेल्या असतात. एका अंदाजाप्रमाणे माणसाच्या अंगात त्या ४,२०० कोटी आहेत. प्रत्येक पेशी आपल्या कोनाड्यात बसते आणि तिच्या बारीक भुजा हाडातल्या नळ्यांमधून शेजारणींपर्यंत पोचतात. या नळ्यांची रुंदी केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी.

आता अडचण पाहा. पळताना नडगी दबते ती हजारात एक-दोन भाग, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या तुकड्यात फार तर एक-दोन दशांश मिलिमीटर. हाडाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांना एवढाच ताण दिला, तर त्या ढिम्म राहतात. त्यांना जागं करायला साधारण दहापट ताण लागतो आणि तेवढ्या ताणाने खरं हाड मोडायच्या बेताला येईल. म्हणजे जो ताण पेशीला कळतो तो हाडाला सोसत नाही, आणि जो सोसतो तो कळत नाही!

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या शेल्डन वाइनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड सुचवली. पेशीला हाडाचं दबणं थेट कळतच नसेल, तिला कळत असेल ते पाणी. पावसाळ्यात भाताच्या खाचरात पाय टाकला की चिखलातलं पाणी पायाखालून बाजूला सरतं. तसंच हाड एका बाजूला दबलं की नळ्यांमधला द्रव दुसरीकडे पळतो. पुढच्या कामात असं मांडलं गेलं की पेशीच्या भुजा सूक्ष्म धाग्यांनी नळीच्या भिंतीला बांधलेल्या असतात. वाहता द्रव धाग्यांना ओढतो आणि धागे भुजेच्या पडद्याला ताणतात. हाडाचा एवढासा ताण पेशीपाशी दहापटीहून जास्त होऊन पोचतो.

पडदा ताणला की त्यातली पिएझो-१ नावाची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी एक प्रथिन बनवणं कमी करते: स्क्लेरोस्टिन. हा हाडबांधणीचा ब्रेक. तो डब्ल्यूएनटी नावाच्या संदेशमालेला अडवून धरतो. ब्रेक सैल झाला की ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशी, कामाला लागतात. पिएझो दारांच्या शोधासाठी आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. स्क्लेरोस्टिनचा पत्ता लागला तो दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानेर कुटुंबांमुळे. त्यांच्यात हा ब्रेक जन्मतःच नसतो आणि हाडं भलतीच जाड होत जातात. याच प्रथिनाला रोखणाऱ्या रोमोसोझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली. ते हाडं ठिसूळ होऊन मोडण्याचा मोठा धोका असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आहे. पोरांनी भरतीसाठी टोचून घ्यायला नाही.

सगळा खेळ द्रवाच्या हालचालीचा आहे हे लक्षात आलं की व्यायामाचे नियम त्यातूनच निघतात. वजन घेऊन नुसतं उभं राहिलं तर द्रव एकदाच सरतो आणि थांबतो, हाडाला काही ऐकू येत नाही. हळूहळू दाब वाढवला तरी तेच. पटकन आलेला आणि पटकन गेलेला दाब हवा. किती वेळा? इथे आपला अंदाज साफ चुकतो. १९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी पक्ष्याच्या पंखातल्या हाडावर प्रयोग केले. दिवसाला ३६ झटके दिले तर हाड वाढलं, १८०० दिले तरी त्याहून जास्त वाढलं नाही. पेशी लवकर बधिर होतात आणि पुन्हा ऐकू लागायला त्यांना काही तास जातात. उंदरांच्या हाडांवर ३६० झटके एका दमात देण्यापेक्षा नव्वदाचे चार हप्ते जास्त लागू पडले. म्हणजे दहा किलोमीटरच्या रटाळ दौडीत हाडासाठी उपयोगाचा भाग पहिल्या काही मिनिटांतच होऊन जातो, उरलेल्यात नुसती झीज. सायकलपटूचं काळीज घोड्याचं असलं तरी त्याच्या मणक्यांची घनता बऱ्याचदा कमी भरते, तीही याचमुळे. तालमीतल्या पोराला धरपकड, उचल-आपट, उठाबशा यांत चारी दिशांनी झटके बसतात, त्याचं हाड आपोआप घडतं.

पण घडायला वेळ लागतो. जोर-बैठका सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू स्नायूला नीट कामाला लावायला शिकतो म्हणून; मागोमाग स्नायूही भरतो. हाडाची रीत उलटी. थकलेल्या जागी आधी खोदकाम होतं: हाड खाणाऱ्या पेशी सुमारे तीन आठवडे पोखरतात, मग भरणाऱ्या पेशी तीन-चार महिने भरत बसतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोटरी जोमात आणि नडगी ऐन पोखरलेली. त्याच वेळी आपण अंतर वाढवतो. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये कूच करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवून ठेवले होते. ती हाडातली ताणाची चीर होती, हे क्ष-किरण आल्यावर कळलं.

नडगी लांबवर ठणकत असेल आणि विश्रांतीने दोन दिवसांत उतरत असेल, तर सहसा हाडावरचं आवरण चिडलेलं असतं. बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्यापडल्याही दुखत असेल, तर पळणं थांबवून अस्थितज्ज्ञाला दाखवावं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे कोरा येऊ शकतो, एमआरआयमध्ये चीर दिसते. कोऱ्या एक्स-रेवर विसंबून पुन्हा पळणारे नंतर प्लॅस्टर घेऊन बसतात.

मुलींचं थोडं वेगळं. बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीच्या प्रकारात कांस्य मिळवलं. कुस्ती, कबड्डी, खो-खोत उतरणाऱ्या गावाकडच्या मुलींना आता फारसं कुणी अडवत नाही. पण मेहनतीने पाळी बंद झाली तर ती 'मेहनत अंगी लागल्याची' खूण मानणारे प्रशिक्षक अजून भेटतात. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की इस्ट्रोजेन घटतं, आणि इस्ट्रोजेन घटलं की पोखरणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. वजनगट गाठायला उपाशी राहणारी मुलंही यातून सुटत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून हा सगळा प्रकार एकत्रच धरला आहे. तीन महिने पाळी आली नाही तर आईने मुलीला डॉक्टरकडे न्यावं आणि ताटातली भाकरी वाढवावी. भाकरी नाचणीची असेल तर उत्तमच. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि मोठ्या माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम.

राहिली मोफत हाड-तपासणी शिबिरं. टाच यंत्रात ठेवायची, दोन मिनिटांत 'तुमची हाडं ठिसूळ' असा कागद आणि शेजारच्या टेबलावर गोळ्यांचे डबे. त्या कागदावरचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या हाडांशी तुलना, पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी आणि पाळी गेलेल्या बायकांसाठी आहे. शिवाय टाचेच्या यंत्रावर निदान होत नाही. त्यासाठी कंबर आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजणारी तपासणी, करतात, आणि विशीतल्या पोराचा त्यात झेड-स्कोअर पाहतात, म्हणजे त्याच्याच वयाच्या लोकांशी तुलना. टाचेचा कागद पाहून कुणी बैठका बंद केल्या असतील तर त्यांनी त्या पुन्हा सुरू कराव्यात.