कुत्र्याचे जुने जुलाब: लहान आतड्याचे की मोठ्या आतड्याचे?

कुत्र्याचे पोट बिघडले की आपल्याकडे बहुतेक घरांत दहीभात सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांत पोट ठिकाणावर येते. मात्र हा त्रास तीन आठवड्यांहून अधिक काळ चालला, किंवा बरा होऊन पुन्हा पुन्हा उद्भवू लागला, तर त्याला जुना विकार मानतात आणि तेथे एकच पथ्य सर्वांना लागू पडत नाही. बिघाड लहान आतड्यात आहे की मोठ्या, यावर ताटलीत काय वाढायचे ते ठरते. एकाचे पथ्य दुसऱ्याला चक्क कुपथ्य होऊ शकते.

हा फरक पुष्कळदा घरच्या घरी, विष्ठा नीट पाहिली तरी कळतो. लहान आतड्याचा विकार असलेला कुत्रा दिवसातून दोन-तीन वेळाच बसतो, पण प्रत्येक वेळी ढीगभर करतो; मल पातळ, कधी फिकट व तेलकट असतो, पोटात गुडगुड ऐकू येते, आणि खाणे उत्तम असूनही फासळ्या हाताला लागू लागतात. रक्त पडत असेल तर ते वाटेत पचल्यामुळे मल डांबरासारखा काळा दिसतो. मोठ्या आतड्याच्या विकारात चित्र उलटे असते. एका फेरीत कुत्रा पाच-सहा वेळा बसतो, कुंथतो आणि चमचाभर करतो. त्यात शेंबडासारखी आव व ताज्या लाल रक्ताचे थेंब दिसतात, रात्री दाराशी घाई होते, पण वजन व भूक सहसा जागच्या जागी राहतात. हे कुंथणे पाहून बद्धकोष्ठ झाला असे समजून एरंडेल किंवा तूप पाजले जाते. जुलाबावर जुलाबाचे औषध देण्याचाच हा प्रकार होय.

लहान आतड्याचे मुख्य काम पचवण्याचे आणि शोषण्याचे असल्यामुळे तेथील पथ्याचे सूत्र सोपे आहे: कमी खाण्यात जास्त पोषण आणि चरबी बेताची. मऊ शिजवलेला पांढरा भात, कातडी काढलेले कोंबडीच्या छातीचे मांस, शिजल्यावर वर आलेला तवंग काढून, दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. कांदा, लसूण, मसाला आणि फोडणी अर्थातच नाही. चरबीवर एवढा कटाक्ष असण्याचे कारण असे की, न शोषलेली चरबी पुढे मोठ्या आतड्यात पोहोचली की तेथील जिवाणू तिचे असे रूपांतर करतात की आतडे उलट पाणी सोडू लागते आणि जुलाब वाढतात. चोथ्याचे पदार्थही येथे नकोत, कारण आधीच खंगलेल्या जनावराचे पोट त्यांनी भरते, अंग भरत नाही.

पथ्याच्या भरवशावर राहू नये असे काही विकारही याच गटात येतात. जर्मन शेफर्डमध्ये स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडण्याचा विकार विशेष आढळतो. तो टीएलआय या रक्ततपासणीत कळतो आणि त्यावर प्रत्येक जेवणात एन्झाइमची पावडर मिसळावीच लागते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ जीवनसत्त्व शोषले जात असल्याने तेही बहुधा कमी झालेले असते आणि ते वेगळे द्यावे लागते. पायांवर किंवा पोटावर सूज दिसली तर आतड्यातून प्रथिने गळत असण्याची शक्यता असते. अशा वेळी घरगुती प्रयोग थांबवून पशुवैद्याकडेच जावे.

मोठ्या आतड्याचे काम पाणी ओढून घेण्याचे व मल साठवण्याचे. येथे नुसता भात-चिकन देऊन बरेच मालक वैतागतात, कारण या आतड्याला पुष्कळदा तंतू, म्हणजे चोथाच हवा असतो. सर्वांत हाताशी असलेला उपाय म्हणजे इसबगोल. ते पाणी धरून ठेवते, आणि जिवाणू त्यातील काही भाग आंबवून जी लघुशृंखल मेदाम्ले (छोट्या रेणूंची आम्ले) तयार करतात, त्यांतल्या ब्युटिरेट नावाच्या घटकावर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. दहा किलोच्या कुत्र्याला अर्ध्या चहाच्या चमच्यापासून, पाण्यात भिजवून जेवणात कालवून सुरुवात करावी आणि मल पाहत हळूहळू वाढवावे. इसबगोल साधेच घ्यावे. गोड, सुगंधी किंवा सोनामुखी (रेचक वनस्पती) घातलेले नको. लाल भोपळ्याचा फार बोलबाला आहे, पण त्यात मुख्यतः पाणीच असते. चमचाभर भोपळ्याकडून इसबगोलाच्या कामाची अपेक्षा धरू नये.

तंतू सुरू करण्याआधी जंतांचा बंदोबस्त मात्र हवा. चाबकाच्या आकाराचे व्हिपवर्म मोठ्या आतड्याच्या तोंडाशी राहतात आणि त्यांची अंडी अधूनमधूनच बाहेर पडतात, त्यामुळे एका तपासणीत काही सापडले नाही म्हणून ते नाहीतच असे होत नाही. तरुण बॉक्सर किंवा फ्रेंच बुलडॉगला रक्त-आव पडत असेल तर आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या ई. कोलाय जिवाणूंचा दाह असू शकतो. तो इसबगोलाने नव्हे, तर तपासून निवडलेल्या प्रतिजैविकानेच आटोक्यात येतो.

दोन्ही बाजूंची लक्षणे मिसळलेली असतील आणि वजन घटत असेल, तर लहान आतडे आधी पाहावे. आहार बदलून पाहण्याची चाचणी तर दोन्हींत उपयोगी पडते: पूर्वी कधीही न खाल्लेल्या मांसाचा, किंवा ज्यातील प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात असा तयार आहार, आणि त्याखेरीज दुसरे काहीही नाही. ‘न खाल्लेले’ म्हणजे काय, हे त्या कुत्र्याच्या इतिहासावर ठरते. अंडी-चिकनवर वाढलेल्या पुण्याच्या लॅब्रेडॉरला मासळी नवीन असेल, मालवणच्या गावठी कुत्र्याला नाही. फरक पडणार असेल तर तो बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागतो, मात्र तेवढ्या काळात आजोबांनी गुपचूप दिलेले ग्लुकोज बिस्किट किंवा जंतांवरची चवदार गोळीही चाचणी फुकट घालवू शकते. चाचणी यशस्वी झाली म्हणून तोच घरचा भात आणि बिनहाडाचे मांस महिनोन्महिने चालू ठेवू नये, कारण त्यात कॅल्शियम जवळजवळ नसते आणि वाढत्या पिल्लाची हाडे त्याची किंमत लवकर मोजतात.