एक-ट्रान्झिस्टर एफएम ट्रान्समीटर

एकाच ट्रान्झिस्टरवर चालणारा आणि 88 ते 108 मेगाहर्ट्‌झच्या एफएम पट्ट्यात आवाज पाठवणारा हौशी परिपथ. बीसी 547 किंवा 2एन2222 ट्रान्झिस्टर, कंडेन्सर माइक, तांब्याच्या तारेची कॉइल, ट्रिमर (स्क्रूने फिरवून बदलता येणारा कपॅसिटर), 9 व्होल्टची बॅटरी आणि किरकोळ रेझिस्टर-कपॅसिटर एवढे त्याला पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळे सुटे मिळते.

वारंवारता कॉइल आणि ट्रिमर मिळून ठरवतात. 6 मिलिमीटर व्यासाचे 5 वेढे 6 मिलिमीटर लांबीत बसवले, की प्रवर्तकता सुमारे 0.1 मायक्रोहेन्री भरते. जोडीला 25 पिकोफॅरड धारकता असली, तर दोलने 100 मेगाहर्ट्‌झच्या आसपास होतात. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि एमिटर या पायांमधला 4.7 पिकोफॅरडचा कपॅसिटर ती चालू ठेवतो. बोलताना बेस या तिसऱ्या पायाचा व्होल्टेज हलतो, ट्रान्झिस्टरची आतली धारकता बदलते आणि वारंवारता मागेपुढे होते.

या वारंवारतेला आकृतीत नसलेल्या गोष्टीही परिपथात शिरतात. ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता भाग खोचून जोडायच्या पाटीच्या) शेजारच्या पट्ट्यांत काही पिकोफॅरड धारकता असतेच, भागांच्या लांब पायांना प्रवर्तकता असते. म्हणून पाय आखूड कापून सोल्डर केलेलेच बरे. हात जवळ नेला की स्टेशन सरकते. म्हणून ट्रिमर प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनेच फिरवावा.

आवाज येत नसेल, तर रेडिओ स्टेशन नसलेल्या रिकाम्या जागी लावून ट्रिमर सावकाश फिरवावा. खरखर एकदम थांबली म्हणजे वाहक लहर (आवाज वाहून नेणारी रेडिओ लहर) आहे, दोष माइककडे. माइक बहुधा उलटा जोडलेला असतो. धातूच्या कवचाला जोडलेले टोक ऋण. खरखर थांबतच नसेल, तर बॅटरीच्या वाटेत मिलिअँपिअरवर मल्टिमीटर लावून कॉइलला बोट लावावे. प्रवाह बदलला, तर दोलने होत आहेत, फक्त भलत्या वारंवारतेवर. वेढे दाबून किंवा फाकवून ती जागेवर आणता येतात. काटा ढिम्म राहिला, तर तारेच्या टोकांचे इनॅमल खरवडले आहे का ते पाहावे. पायांचा क्रमही तपासावा: सपाट बाजू समोर धरून बीसी 547 डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर, तर पीएन2222 (2एन2222चा प्लॅस्टिकमधला प्रकार) नेमका उलट.

108 मेगाहर्ट्‌झच्या लगेच वर विमानवाहतुकीचा पट्टा आहे, आणि हा परिपथ बॅटरी उतरली तरी सरकतो. अँटेना लांबवून पल्ला वाढवण्याचा मोह म्हणूनच धोक्याचा. भारतात विनापरवाना प्रसारण गुन्हा आहे. बिहारमधील मन्सूरपूर गावात घरच्या घरी उभारलेले लोकप्रिय एफएम केंद्र सरकारने 2006 मध्ये याच कारणाने बंद केले.